शेपूट धरायचं काम

खिडकीचं दार आपटलं तेव्हा मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. धरणाकडून वारं सुटलं की आमच्या क्वार्टरची दारं-खिडक्या आपटायचीच, त्यात नवीन काही नव्हतं. पण त्या आवाजापाठोपाठ आणखी एक बारीक आवाज आला, वाळलेली शेंग मोडावी तसा. मी सूप खाली ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत गेले.

खिडकीलगतच्या टेबलावर जयवंतचं विमान होतं. शेपूट मात्र त्याला नव्हतं. ते खाली फरशीवर पडलं होतं, उभी पट्टी एकीकडे, आडवी पट्टी मधोमध मोडलेली, आणि तिच्यामागची हलती पट्टी दोऱ्याच्या एका टाक्याला लोंबकळत होती. खिडकीचा हुक लावायचा राहिला होता.

मी ओरडले नाही. आधी दाराकडे बघितलं. दुपारची वेळ, जयवंत साइटवर. संध्याकाळचा भोंगा झाल्याशिवाय खात्याची जीप त्याला सोडायला येत नसे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी बघितलं.

जयवंत म्हणजे माझा नवरा. तेव्हा मी त्याला ‘हे’ म्हणायची. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात. आता साठी उलटली, आता मी त्याचं नाव घेते आणि तेही एकेरीत. कोणाची हरकत असली तर असो. तो पाटबंधारे खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होता. धरणाचं काम चालू होतं, आणि भिंतीच्या खालच्या माळावर आमची कॉलनी होती, गावापासून लांब. संध्याकाळी तिथले बाकीचे पुरुष पत्ते खेळत, जयवंत विमानं करायचा. पिसासारख्या हलक्या लाकडाची, पतंगाचा कागद चिकटवलेली, पुढे बोटाएवढं खरंखुरं इंजिन. दोन बारीक तारांवर ते उडायचं. हा मधोमध तारांची मूठ धरून उभा राहायचा, आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरायचं. मूठ वर केली की शेपटाची हलती पट्टी वर आणि विमान वर, मूठ खाली की विमान खाली. सारी कॉलनी बघायला यायची. असा गुणी नवरा मिळाला म्हणून बायका माझा हेवा करायच्या.

दुसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी होती. झेंडावंदन झालं की हेलिपॅडवर सगळ्यांसमोर विमान उडवायचं, असं खुद्द मोठ्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं.

“काय पडलं गं?” आत्याबाई परसातून आल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. दिवाळीपासून त्या आमच्याकडेच होत्या.

मी बोटानं दाखवलं. त्यांनी बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या दाराला आतून कडी घातली.

“हुक?” त्यांनी विचारलं.

“राहिला.”

“बस खाली. आधी पाणी पी.”

मी बसले नाही. “आत्याबाई, ते आल्यावर मी सांगून टाकते. वाऱ्यानं झालं म्हणून सांगते.”

“सांगशील. मग तो इचारंल, वारं रोज असतं, हुक रोज का न्हाई. मग?”

मग काय होतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. जयवंत कधी ओरडला नाही. कॉलनीत कोणी त्याचा चढा आवाज ऐकला नसेल. तो आधी रेडिओ लावायचा, जरा मोठ्यानं. मग मला समोर उभं करून शांतपणे प्रश्न विचारायचा. असं का झालं? तुला सांगितलं होतं की नव्हतं? मग का झालं? मी काहीही उत्तर दिलं तरी ते चुकायचं, आणि गप्प राहिले तर तेही चुकायचं. त्यानंतर तो मारायचा. घाई न करता, आणि ब्लाउजच्या बाहीखाली झाकलं जाईल अशा बेतानं. पेनाचं टोपण हरवलं तेव्हा मारलं होतं. आमटी साहेबांसमोर खारट झाली तेव्हाही. आणि हे तर विमान होतं, तेही उद्याचं.

मी टेबलाचा कोपरा धरला.

आत्याबाईंनी एकेक तुकडा उचलून पदरात घेतला. मोडलेल्या कडा उजेडात धरून बघितल्या. “चिरफळी उडालेली न्हाई,” त्या म्हणाल्या. “जशी मोडली तशी बसंल. बोट लावू नको कडंला, बोटानं धार मरती.”

“तुम्ही जोडणार हे?”

“मी कशी? मला दिसतंय कुठं? तू जोडणार. मी सांगते.”

मी त्याच्या पेटीतली नवी लाकडी पातळ फळी काढायला गेले, म्हटलं मोडकं जोडण्यापेक्षा नवंच कापू. आत्याबाईंनी माझा हात धरला. “त्याच्या पेटीला शिवायचं न्हाई. कुठली वस्तू कुठं हाय त्याला झोपंत इचारलं तरी सांगंल.”

मग माझ्या शिवणाच्या डब्यातला फेव्हिकॉल घेतला. सपाट जागा हवी होती, म्हणून कपाटातल्या आरशाची काच काढून जमिनीवर ठेवली. तिच्यावर साखरेच्या पिशवीचं प्लास्टिक, त्यावर आडव्या पट्टीचे दोन तुकडे. काडीच्या टोकानं मी कडेला फेव्हिकॉल लावला. हात इतका थरथरत होता की पहिल्यांदा अर्धा प्लास्टिकवरच सांडला.

“श्वास धरू नको,” आत्याबाई म्हणाल्या. “श्वास धरला की हात जास्त कापतो. काहीतरी बोल.”

“काय बोलू?”

“काय बी. माहेरचं बोल.”

मी आमच्या कवठ्याच्या घरामागच्या चिंचेबद्दल काहीबाही बोलत राहिले, आणि तुकडे जवळ सरकवले. ते बसले. खरोखर बसले, रेघ दिसत होती, पण बोटाला लागत नव्हती. आत्याबाईंनी ओल्या फडक्यानं बाहेर आलेला फेव्हिकॉल टिपला आणि वर इस्त्री ठेवली, थंडच, वजनासाठी.

“तुम्हाला हे सगळं कसं येतं?” मी विचारलं.

त्यांनी आपला डावा हात पुढे केला. मनगटाशी तो वाकडा होता. विहिरीवर पडले, असं त्या सांगायच्या.

“विहिरीवर न्हाई,” त्या म्हणाल्या. “मामंजींनी ह्यांना कंदील दिलेला. त्याची काच माझ्या हातनं फुटली. तवापासनं शिकले. कपबशी, खुर्चीचा पाय, गौरीचं बोट, घड्याळाचा लंबक. माझ्या घरात कुणाला कधी काय मोडलेलं दिसलं न्हाई.”

हे त्या काही दुःखानं सांगत नव्हत्या. कोणी आपल्या हाताच्या पुरणपोळीबद्दल सांगावं, तसं सांगत होत्या.

उभी पट्टी सोपी होती, ती मुळातून निघाली होती, तिच्या खाचेत परत बसली. खरी पंचाईत हलत्या पट्टीची. जयवंत तिला एलेव्हेटर म्हणायचा. ती आडव्या पट्टीला दोऱ्यानं शिवलेली असते. टाका एकदा वरून, एकदा खालून, म्हणजे ती दारासारखी वर-खाली हलते. दोरा घट्ट झाला तर हलत नाही, सैल झाला तर लटपटते. जुनी भोकं शाबूत होती. सुईत दोरा मी ओवला, आणि काळा दोरा त्यानं वापरला होता तसाच होता, हे नशीब. आत्याबाई माझ्या हातावर हात ठेवून टाक्याचा ताण सांगत होत्या. “गोधडीला घालतीस तसा न्हाई. पाळण्याची दोरी बांधतो तसा. धरल्यावाणी, पण न धरल्यावाणी.”

शेजारच्या वहिनींनी मध्येच दार वाजवलं, विरजण मागायला. आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. वहिनी पुन्हा वाजवून, “झोपल्या वाटतं,” असं स्वतःशीच म्हणून गेल्या. मला आठवतं, सुई माझ्या बोटात शिरली होती आणि ते मला त्या गेल्यावर कळलं. रक्ताचा थेंब पट्टीवर पडू नये म्हणून मी बोट तोंडात घातलं.

एलेव्हेटरला पत्र्याची एक छोटी कडी असते, विमानाच्या पोटातून येणारी तार तिच्यात अडकते. तिला तो हॉर्न म्हणायचा, वाजत मात्र कधी नव्हती. ती कडी निसटून पडली होती. बसवायची सोपी, दोन बारीक स्क्रू. पण वरच्या अंगाला की खालच्या?

“तुम्ही बघितली होती?” मी विचारलं.

“मी कशाला बघती त्याचं शेपूट?”

मलाही आठवेना. रोज टेबल पुसताना नजरेसमोर असलेली गोष्ट, आणि आठवेना. भोकं आरपार होती, कडी दोन्ही बाजूंनी बसत होती. मी ती वरच्या बाजूला बसवली. शेपूट विमानाला चिकटवलं, कडीत तार अडकवली, आणि मग मला सुचलं की मुठीची वरची तार ओढून बघावी. त्या तारेला त्यानं लाल दोरा गुंडाळला होता. मी लाल तार ओढली. एलेव्हेटर खाली गेला.

हे असंच राहिलं असतं तर उद्या त्यानं मूठ वर केली असती आणि विमान मोठ्या साहेबांसमोर नाकावर जमिनीत घुसलं असतं. आणि मग घरी येऊन त्यानं रेडिओ लावला असता.

“उलटी कर,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला होता.

ओल्या फेव्हिकॉलवरचं शेपूट हलू न देता खालून स्क्रू पिळायचे होते. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी विमान उपडं धरलं, वाकडं मनगट धरून. मी स्क्रू काढले, कडी खालच्या अंगाला लावली, पुन्हा पिळले. लाल तार ओढली. एलेव्हेटर वर गेला.

मग परसात, दोरीवर लुगडं वाळत घालून त्याच्या आडोशाला ते उन्हात ठेवलं. जोडाच्या रेघेवर त्याच्याच डब्यातला चंदेरी रंग काडीनं ओढला. डबा होता तिथे, होता तसाच, झाकणाची खूण भिंतीकडे करून ठेवला. रंगाचा वास मात्र घरभर झाला. खिडक्या उघडून जाईना.

“सुकट हाय का घरात?” आत्याबाईंनी विचारलं.

भोंगा वाजला तेव्हा विमान टेबलावर होतं, खिडकीचा हुक लावलेला होता, आरसा कपाटात होता आणि सुकटीच्या वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. जीप थांबली. बुटांचा आवाज पायरीवर आला.

“आई, सुकट?” जयवंत दारातूनच म्हणाला. “शेजारीपाजारी पळून जातील गं.”

“तोंडाला चव न्हवती,” आत्याबाई म्हणाल्या.

तो हसला, हातपाय धुतले. मी चहा घेऊन आले तेव्हा तो टेबलापाशी उभा होता. त्यानं हात पुढे करून रेडिओ लावला.

मी चहा हातातच धरून उभी राहिले. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात उलथनं तसंच.

त्यानं विमान उचललं, डोळ्यांसमोर धरलं. एका बोटानं एलेव्हेटर वर केला, खाली केला, पुन्हा वर केला.

“माणिक.”

“हं.”

“खिडकीचा हुक कोणी लावला?”

“मी,” आत्याबाई म्हणाल्या. “सकाळीच.”

“बरं केलंस. वारा आहे आज.” त्यानं विमान खाली ठेवलं. “गप्प बसा जरा दोघी, हवामान सांगतायत. उद्या वारा किती असेल बघू.”

मी चहा ठेवला. तो बातम्या ऐकत बसला. मी मोरीत जाऊन दुपारची भांडी घासायला घेतली.

पण भीती संपली नव्हती. उडवताना शेपूट धरायचं काम माझं असायचं. जयवंत इंजिन चालू करून मधोमध मुठीपाशी जायचा, तोवर कोणीतरी विमान मागून धरून ठेवावं लागतं. तो मान हलवायचा, मी सोडायची.

सकाळी हेलिपॅडवर चुन्यानं रंगवलेल्या वर्तुळाभोवती सगळी कॉलनी जमली होती. मोठे साहेब खुर्चीवर, त्यांच्या बाई शेजारी; आत्याबाईही माझा हात धरून सावकाश आल्या होत्या. मी गुडघ्यांवर बसून शेपूट मुळाशी दोन्ही हातांनी धरलं. इंजिन सुरू झालं. त्याची थरथर हातांतून दातांपर्यंत येते. इंधनातल्या एरंडेलाचे थेंब तोंडावर उडत होते, त्यातल्या ईथरचा दवाखान्यासारखा वास येत होता, आणि बोटांखाली तो जोड मला जाणवत होता. तो जोड थरथरतोय की मीच, ते कळेना. आता सुटेल, माझ्या हातात शेपूट राहील आणि विमान पुढे जाईल, असं वाटत होतं. मी देवाचं नाव घ्यायला लागले तर नाव आठवेना.

जयवंतनं मान हलवली. मी सोडलं.

ते धावलं, उचललं गेलं, आणि फिरायला लागलं. एक फेरी, आणखी एक. मुलं ओरडत होती. मला वाटलं, आता बस्स, आता उतरव. पण त्यानं मूठ झटक्यात वर केली. विमान सरळ आभाळात चढलं, पाठीवर झालं, आणि पूर्ण कोलांटी मारून खाली आलं. सगळा ताण शेपटावर येतो कोलांटीत. मी डोळे मिटले होते. टाळ्या ऐकल्यावर उघडले. त्यानं आणखी मारल्या. शेपूट जागचं हललं नाही.

उतरवल्यावर तो घामानं डबडबलेला, खूश, माझ्याजवळ आला. साहेबांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आज काय हलकं चालत होतं, साहेब! एलेव्हेटर लोण्यासारखा. असं याआधी कधी उडालंच नव्हतं.”

साहेबांच्या बाई मला म्हणाल्या, “तुम्ही पण शिकून घ्या की हो.”

तो साहेबांबरोबर रेस्ट हाउसला जेवायला गेला. मी आणि आत्याबाई घरी आलो. दार लोटल्याबरोबर मला हसू फुटलं. आवरेना. मी त्यांचे दोन्ही हात धरले, गोल फिरायचंच काय ते बाकी होतं.

“कळलंच नाही, आत्याबाई! काही म्हणजे काही कळलं नाही! उलट म्हणतात, असं कधी उडालं नव्हतं!” माझा आनंद गगनात मावेना. लग्न झाल्यापासून मी त्या घरात इतकी खूश कधी झाले नव्हते. पहिला नंबर आलेली पोरगी निकाल सांगते तसं मी ते सगळं पुन्हा पुन्हा सांगत होते.

आत्याबाईंनी माझ्या तोंडावरचं एरंडेल पदरानं पुसलं. मायेनं, हळूहळू.

“हात चांगला हाय तुझा, पोरी,” त्या म्हणाल्या. “मी भीत हुते तुला कसं निभंल म्हणून. आता काळजी न्हाई. जन्मभर पुरंल तुला.”

त्यांनी तो आशीर्वाद दिला होता. मनापासून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. पंचेचाळिशीतली बाई, साठीची दिसणारी, आणि तिच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी निव्वळ समाधान होतं. आदल्या दिवशी दुपारपासून मी घाबरलेलीच होते, पण तेव्हा जी भीती वाटली तशी मला आधी कधी वाटली नव्हती, आणि नंतरही नाही. मार चुकला याचाच मला एवढा आनंद झाला होता. आणखी थोडे दिवस गेले असते तर मीही अशीच कोणा पोरीला शिकवत बसले असते.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “मला नाही पुरवायचा.”

“काय?”

“हात. जन्मभर. मी जाते कवठ्याला, माहेरी.”

मला वाटलं, आता समजावतील. लोक काय म्हणतील, बाप काय म्हणेल, पाठीमागं बहीण लग्नाची आहे, हे सगळं सांगतील. माझे पाय तेवढ्यानंही तिथेच राहिले असते, इतकी मी घाबरलेली होते. त्या उठल्या, खुंटीवरची माझी पिशवी काढली आणि माझ्यापुढे धरली.

“म्होरल्या रस्त्यानं जाऊ नको,” त्या म्हणाल्या. “रेस्ट हाउसच्या व्हरांड्यातनं दिसतो त्यो. परसातनं कालव्याच्या कडंला उतर. पंपहाउसच्या मागनं पायवाट हाय, ती थेट फाट्यावर निघती. जेवणं उरकली की वाईची गाडी येती. थांबती थोडाच वेळ, हात करायचा.”

मी तिथे लग्न झाल्यापासून राहत होते. मला ती पायवाट माहीत नव्हती. आत्याबाई आल्यापासून गुडघे दुखतात म्हणून एरवी दुकानापर्यंतसुद्धा जात नसत.

“तुम्हाला कसं माहीत?” मी विचारलं.

त्या माझ्या दोन साड्या पिशवीत दाबून भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कुठं बी ऱ्हायला गेले की पयल्यांदा गाडीचा थांबा बघून ठेवते. लगीन झाल्यापासनं. दुपारी तू निजलीस की जाऊन बसते तिथं. गाडी आली की बघते, गेली की माघारी येते.”

“मग चला ना. दोघी जाऊ.”

त्यांनी पिशवीची गाठ मारली आणि माझ्या हातात दिली.

“मला कुठं उतरायचं, ते कधी ठरलंच न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “तुला ठावं हाय. जा.”

मी कालव्याच्या कडेनं गेले.